गोधडीला नाव हवं

मराठी घरातलं जुनं पितळी पातेलं किंवा स्टीलचा डबा हातात घेतला, की काठाशी टोचून घातलेलं नाव दिसतं. ज्याचं भांडं त्याचं नाव, खाली तारीख. लग्नामुंजीत आलेलं असेल तर ‘यांजकडून’. दुकानातच नाव घालून मिळतं आणि वाटी-फुलपात्रंसुद्धा त्यातून सुटत नाहीत. त्याच घरात पेटीत, पलंगाखाली, माळ्यावर गोधड्या असतात. एकेका गोधडीत कुणा बाईच्या कितीतरी दुपारी गेलेल्या असतात, पण तिच्यावर नाव नसतं. भांड्याला बाजारात मोल होतं, ते कार्याच्या वेळी शेजारीपाजारी जायचं आणि परत यायला हवं असायचं, म्हणून त्याच्यावर नाव आलं. गोधडी फाटक्या लुगड्यांची. ती कोण नेणार, असा हिशेब. या हिशेबापायी आपल्याकडच्या शिवणकामाचा फार मोठा भाग निनावी राहिला. घरच्या घरी गोधडी कशी शिवायची आणि तिचा काठ कसा पुरा करायचा, हे या प्रकरणात सांगणार आहेच. मला जास्त बोलायचं आहे ते त्यानंतरच्या कामाबद्दल. नाव घातल्याशिवाय गोधडी पुरी झाली असं मी धरत नाही, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांनाही धरू देत नाही.

आधी कापड. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग दोन मीटरला थोडा वरच भरतो, आणि लुगड्याचा पन्हा असतो साधारण ४५ इंच. चारही भाग एकावर एक ठेवले की एका माणसाला पुरेल अशी चौपदरी गोधडी तयार. कापड जोडायला नको, उरतही नाही. ही चौघडी. ज्या बाईनं पहिल्यांदा हे केलं तिनं मोजपट्टी घेतली नसेल, पण लुगडं आणि झोपणारा माणूस यांची मापं इतकी चपखल बसतात, की आजही मी नवशिक्यांना पहिली गोधडी नऊवारीचीच करायला सांगते. सहावारीचं गणित अवघड आहे. साडेपाच मीटरचे तीन भाग केले तर लांबी अपुरी पडते, दोन केले तर पदर कमी पडतात. तिथे दोन साड्या अर्ध्या-अर्ध्या करून चार पदर घ्यावेत आणि जास्तीची लांबी कापून गोटासाठी ठेवावी.

जुनंच कापड का, याला काटकसरीपलीकडची कारणं आहेत. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि त्यातला एक पदर जुना व एक नवा असेल तर नवा आटतो, जुना तसाच राहतो, आणि सगळी गोधडी चुण्यांनी भरते. वापरलेल्या लुगड्याचं आटणं होऊन गेलेलं असतं, खळ निघून गेलेली असते, कच्चा रंग केव्हाच वाहून गेलेला असतो. वर्षानुवर्षांच्या धुण्यानं सूत मऊ पडतं आणि सुई त्यातून अडखळत नाही. नवं कापड वापरायचंच असेल तर ते एकदा गरम पाण्यातून काढावं, आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग लागतो का ते बघावं. लाल आणि काळ्या कापडाला ही परीक्षा चुकवू नये.

दुसरी परीक्षा सुताची. हल्ली ‘कॉटन’ म्हणून घेतलेल्या साडीतही पॉलिस्टर असतं. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि बशीवर जाळून पाहा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटानं विस्कटणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होऊन बसतं. पॉलिस्टरची गोधडी शिवता येते, टिकतेही, पण घाम शोषत नाही आणि लहान मुलाच्या अंगाखाली मला ती नकोशी वाटते.

गोधडीत ऊब येते ती पदरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. हवा उष्णता फार सावकाश पुढे देते, फक्त ती हलती नको. टाके तिला लहान लहान कप्प्यांत धरून ठेवतात. टाके फार दाट घातले तर पदर एकमेकांना चिकटून हवेला जागाच राहत नाही. गोधडी टिकाऊ होते पण पातळ आणि ताठ. फार विरळ घातले तर फुगीर आणि उबदार होते, पण धुताना आतले पदर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. माझ्या मते दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर बरोबर आहे. दुपट्याला त्याहून थोडं कमी चालतं, कारण दुपटं रोज धुतलं जातं.

घरात शिवणाची जागा करायची म्हटलं की लोक आधी टेबल आणि कपाट बघायला लागतात. गोधडीला सगळ्यात आधी लागते मोकळी जमीन, सात फूट बाय पाच फूट. दोन खोल्यांच्या घरात सोफा सरकवून ती मिळते. त्यानंतर उजेड. उजव्या हातानं शिवणाऱ्याला तो डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. बाकीचं सामान थोडकं आहे: मोठी कात्री, इस्त्री, टेलरचा खडू, मोठ्या नाकाची दणकट सुई, जाड सुती दोरा आणि मधल्या बोटाला अंगुस्तान. चार पदरांतून दिवसभर सुई रेटायची तर अंगुस्तान हवंच. पुष्कळ बायका त्याला नाक मुरडतात आणि दोन दिवसांत बोटाला भोक पडलं की शोधायला लागतात.

तळाचा पदर उलटा अंथरावा, म्हणजे त्याची सुलट बाजू जमिनीकडे राहील. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावं; जुन्या घरात वरवंटा, खलबत्ता असायचे, आता पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतात. कापड ताणू नये, फक्त सुरकुती राहू देऊ नये. विरलेले, ठिगळ लावलेले तुकडे मधल्या पदरांत जातात: जुनं धोतर, पंचा, उशीचे अभ्रे, शर्टाची पाठ. त्यांच्या कडा दुमडायच्या नाहीत, एकमेकांवर बोटभर चढवायच्या, कारण दुमडलेली कड आत टणक गाठीसारखी लागते आणि सुई तिथेच मोडते. वरचा पदर सुलट. मग सगळ्या गोधडीवर वीतभर अंतरानं लांब लांब कच्चे टाके, आडवे आणि उभे. हे काम कंटाळवाणं आहे आणि पुढच्या सगळ्या कामाचं यश त्यावर आहे. कच्चे टाके नीट असले की गोधडी गुंडाळून कुठेही नेता येते, रोज अर्धा तास शिवता येते, आणि पदर जागचे हलत नाहीत.

आता धावदोरा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गोधड्यांवर टाका काठापासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे सरकतो. काही ठिकाणी नुसत्या समांतर उभ्या ओळी असतात. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या पद्धतीत बहुतेक वेळा उलट शिकवतात: मध्यापासून बाहेर, म्हणजे कापडातली ढिलाई कडेनं निघून जाते. दोन्ही बरोबर आहेत, कारण मांडणी वेगळी आहे. ते लोक जाड कापूस किंवा लोकरीचा थर भरतात, तो सरकतो आणि फुगतो. आपण पातळ पदर जमिनीवर सपाट बसवून कच्च्या टाक्यांनी बांधून घेतो. मग आधी काठ पक्का करून आत गेलं तरी ढिलाई उरत नाही.

एका चौघडीत किती काम असतं, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन सेंटिमीटर अंतरावर ओळी धरल्या तर सुमारे ११७ मीटर लांबीची शिवण होते. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरलं तर टाके होतात ११ हजारांच्या वर. दोरा पदरांतून वर-खाली जातो, म्हणून लांबीच्या दीडपट धरावा, म्हणजे पावणेदोनशे मीटर. गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांशी मजुरीवरून घासाघीस करण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर आणावेत.

इथे जरा दक्षिणेला जाऊन येऊ. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या परिसरात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले; त्यांतले पुष्कळ जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी सोडून घाटावरच्या जंगलात पळून आले. त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. कवंदीही काठाच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन फिरत फिरत मध्याला येते. वरचे तुकडे बाई टाका घालता घालताच जोडत जाते. रंग भडक, तुकडे लहान-मोठे, एकही ओळ पट्टीनं आखलेली नाही, आणि तरी सगळं एकत्र बसतं. चारही कोपऱ्यांना घड्या घालून केलेले छोटे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला लागल्याशिवाय कवंदी उघडी, अपुरी मानली जाते. काम संपल्याची खूण कापडावरच असावी, ही जाण मला त्या त्रिकोणात दिसते.

मशीनवर शिवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मशीनचे दाते फक्त खालचं कापड पुढे ढकलतात. वरचे पदर मागे रेंगाळतात, आणि ओळीच्या शेवटी वरचं कापड बोटभर जास्त उरतं. यावर उपाय म्हणजे वॉकिंग फूट नावाचा मोठा दाब-पाय. त्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचं कापडही त्याच वेगानं पुढे नेतो. तो मिळाला नाही तर टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा ठेवा, दाब कमी करा, सुई सोळा नंबरची घ्या आणि सगळ्या ओळी एकाच दिशेनं मारा. एक ओळ वरून खाली, पुढची खालून वर अशी मारली की दोन ओळींमध्ये तिरक्या चुण्या येतात, आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत. बॉबिनखालचा भुसा रोज काढावा. जुन्या सुती कापडाचा तो फार पडतो.

मशीनच्या टिपेला मी कमी लेखत नाही. पाळण्यातल्या दुपट्याला ती हाताच्या टाक्याहून जास्त टिकते. अंगावर घ्यायच्या गोधडीला मात्र हाताचा टाकाच असावा असं मला मनापासून वाटतं. हाताचा दोरा थोडा ढिला असतो, कापडाबरोबर वाकतो, आणि तुटला तर तेवढाच तुटतो.

गोधडी झिजते ती कडेनं. हनुवटीखाली ओढली जाते ती कड, मुठीत धरली जाते ती कड, वाळत घालताना दोरीवर घासते तीही कड. म्हणून गोट दुहेरी कापडाचा हवा. चौघडीचा परीघ सुमारे ६.४ मीटर, कोपरे आणि जोड यांसाठी आणखी ४० सेंटिमीटर धरा. अडीच इंच रुंद पट्टी मधोमध दुमडून इस्त्री करा. दुमडलेली बाजू आत, उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवून सुलट बाजूनं पाव इंचावर टीप मारा. कोपरा पाव इंच राहिला की थांबा, टाका पक्का करा, पट्टी सरळ वर दुमडा म्हणजे तिरकी घडी पडेल, मग पुन्हा खाली आणून नव्या कडेला टीप सुरू करा. चारही कोपरे असे झाले की पट्टी उलट बाजूला वळवून हातानं बारीक हातशिलाई करा; सुई फक्त तळाच्या पदरातून जावी, सुलट बाजूला दिसू नये.

पट्टी सरळ कापायची की उरेप? सरळ पट्टीत घडीच्या कडेवर शेवटपर्यंत तेच दोन-चार धागे येतात. ते झिजले की गोट लांबच्या लांब फाटतो. उरेप पट्टीत धागे घडीला तिरके छेदून जातात, म्हणून झीज वाटली जाते. कापड जास्त लागतं, पण गोट जवळजवळ दुप्पट टिकतो असा माझा अनुभव आहे. याला एकच अपवाद: इरकल किंवा तसल्याच दणकट लुगड्याचा घट्ट विणीचा काठ. तो सरळच लावावा. लुगड्याचा काठ गोधडीच्या काठाला गेला की ते लुगडं कुणाचं होतं हे ओळखता येतं, निदान ज्यांनी ते नेसलेलं पाहिलं आहे त्यांना. पण पाहिलेली माणसं जातात. तिथून नावाची गरज सुरू होते.

१८४१च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधून ‘राजा’ नावाचं जहाज १८० बायकांना घेऊन निघालं. त्या शिक्षा झालेल्या कैदी होत्या आणि त्यांना टास्मानियात धाडलं जात होतं. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या महिला मंडळानं त्यांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. जुलैमध्ये जहाज होबार्टला लागलं तेव्हा एक अवाढव्य रजई तयार होती, सव्वातीन मीटर लांब-रुंद, २८०० हून अधिक तुकड्यांची. तिच्या खालच्या बाजूला या बायकांच्या वतीनं भरलेला मजकूर आहे: ही रजई ‘राजा’ जहाजावरच्या कैदी स्त्रियांनी प्रवासात केली, मंडळाच्या बायकांना कृतज्ञतेनं दिली. त्याखाली साल. पुढे ही रजई नजरेआड गेली आणि विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात स्कॉटलंडमधल्या एका घरात सापडली. आज ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. तो मजकूर नसता तर ती एक जुनी सुंदर चादर म्हणून कुणाच्या तरी पलंगावर विरून गेली असती. आणि तरीही त्या मजकुरात शिवणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. कुठल्या हाताचा कुठला टाका, हे शोधणारे अभ्यासक आज जहाजाच्या यादीतली नावं चाळत बसतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती. जन्म १८३७चा, गुलामीतला. तिनं बायबलमधल्या कथांची चित्रं कापडाच्या तुकड्यांतून उभी केलेली एक रजई १८८६ साली अथेन्स गावाच्या कापूस जत्रेत मांडली. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेला ती विकत हवी होती. पॉवर्सनं नाही म्हटलं. काही वर्षांनी घरची तंगी आली तेव्हा तिनं स्वतःच ती विकायला काढली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. पण देताना तिनं एकेका चौकटीत काय आहे ते सांगितलं, आणि स्मिथनं ते लिहून ठेवलं. ती रजई आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत आहे, दुसरी एक बोस्टनच्या संग्रहालयात. पॉवर्स १९१० साली वारली. तिच्या काळातल्या आणखी किती बायकांनी तसं काम केलं असेल, आणि त्यांच्याजवळ कागद-लेखणी घेऊन कुणीच बसलं नसेल.

आपल्या जवळचं उदाहरण बंगालचं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. खुलना भागातल्या मानदासुंदरी नावाच्या बाईनं ती आपल्या वडिलांसाठी केली, आणि हे काम आपल्या हातचं आहे असं तिनं सुईनंच लिहून ठेवलं. ज्या काळात बहुतेक मुलींना अक्षरओळख नव्हती त्या काळात एक मुलगी कापडावर स्वतःचं नाव घालते, वडिलांना सांगते की हे मी केलं. त्या ओळीमुळे दीडेकशे वर्षांनी आपण तिला नावानं हाक मारू शकतो. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर असं एखादं नाव शोधत मी हिंडले आहे. लुगड्यांचे रंग, ठिगळं, सुबक टाके पुष्कळ पाहिले; नाव सापडलं ते अलीकडच्याच गोधड्यांवर.

तर नाव कसं घालायचं. मांजरपाटाचा किंवा पांढऱ्या पॉपलिनचा हातभर रुंदीचा तुकडा धुऊन, इस्त्री करून घ्या, आणि त्यातून साधारण १० बाय १२ सेंटिमीटरची पट्टी कापा. लिहायचं असेल तर न पसरणाऱ्या पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन वापरा. बॉलपेन आणि जेलपेन दोन-तीन धुण्यांत फिकट होतात आणि भोवती डाग धरतात. शाईचा प्रश्न जुना आहे. लोखंडाची जुनी शाई कापड कुरतडायची, अक्षराच्या जागी भोकं पडायची. १८४०च्या सुमारास कापडाला न खाणारी पक्की शाई सहज मिळू लागली आणि अमेरिकेत सह्यांच्या रजयांची लाट आली: गाव सोडून पश्चिमेकडे निघालेल्या मैत्रिणीला प्रत्येकीनं आपली सही असलेला चौकोन द्यायचा आणि ते जोडून पांघरूण करायचं. लिहिताना कापड सरकू नये म्हणून खाली बारीक पॉलिशपेपर ठेवावा. शाई पूर्ण सुकल्यावर वाफ न देता गरम इस्त्री फिरवावी, आणि तोच मजकूर आधी चिंधीवर लिहून एकदा धुऊन बघावा.

शाईपेक्षा मला दोरा जास्त भरवशाचा वाटतो. देवनागरी अक्षर भरणं रोमनपेक्षा कठीण आहे असं म्हणतात. मला ते उलट सोपं वाटतं, कारण शिरोरेषा आहे. आधी खडूनं एक सरळ रेघ आखून ती उलट टिपेनं भरून घ्यावी, की सगळा शब्द तिला धरून उभा राहतो. मग सगळे काने वरून खाली. त्यानंतर अक्षरांची पोटं आणि वळणं. वेलांट्या, रफार, मात्रा सगळ्यात शेवटी. अनुस्वाराला गाठीचा टाका. सहा पदरी रेशमातले दोनच पदर सुईत घ्यावेत आणि अक्षर एक सेंटिमीटरपेक्षा लहान करू नये. ‘लक्ष्मी’, ‘कृष्णा’ अशा नावांत जोडाक्षर गिचमिड होतं. तिथे ते एकच अक्षर मोठं करायला लाजू नये. आणि आकड्यांकडे लक्ष ठेवावं. भरलेला १ आणि ९ यांच्यातला फरक एका टाक्याचा असतो. तो टाका सैल झाला की आजीची गोधडी आठ वर्षांनी म्हातारी किंवा तरुण होते. ९ची गाठ मोठी आणि बंद ठेवावी. साल शकातलं लिहिणार असाल तर ‘शके’ हा शब्द लिहावाच, नाहीतर वाचणारा ७८ वर्षांनी चुकेल.

लिहायचं काय? शिवणाऱ्याचं नाव, गाव, साल, कुणासाठी, आणि कापड कुणाचं. मुलाच्या दुपट्यावर ‘इंदूआजीनं शिवलं, विमलआत्याच्या लुगड्याचं’ एवढं असलं तरी पुरे. पण आपल्याकडे बाईच्या नावाचा एक पेच आहे. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावही बदललं जायचं. नुसतं ‘सौ. देशपांडे’ भरलं तर पन्नास वर्षांनी त्या घरातल्या कुठल्या सुनेची ती गोधडी हे कुणालाच कळणार नाही. म्हणून माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही घालावं, आणि घरात ज्या नावानं हाक मारतात तेही. शिकायला येणाऱ्या बायका इथेच थबकतात. ‘माझं नाव कशाला, मुलाचं घालते’ म्हणतात. मुलाचं अवश्य घालावं, ‘साठी’ या शब्दाबरोबर. शिवलं ज्या हातांनी, त्यांचंही त्याच पट्टीवर यायला हवं. गोधडी पुरी करून वर्षभर पट्टी कोरीच ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि नाव भरून झाल्यावर त्यावर वारंवार हात फिरवणाऱ्याही त्याच.

पट्टी लावायची जागा उलट बाजूचा खालचा कोपरा. तिच्या दोन कडा गोटात धराव्यात, म्हणजे ती उसवून काढायची तर गोट उसवावा लागेल. त्याहून पक्कं हवं असेल तर धावदोरा घालण्याआधीच ती तळाच्या पदरावर बसवावी. मग गोधडीचे टाके तिच्यातूनच जातात आणि मजकूर गोधडीपासून वेगळा करता येत नाही. गोधडी विकणाऱ्या बायकांनी तर हे करावंच. खाली धुण्याची सूचना एका ओळीत द्यावी: गार पाणी, ब्रश नको, पिळू नये. ओली गोधडी फार जड होते आणि एकाच दोरीवर टांगली की वजनानं टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरून घालायला सांगावं.

जुन्या, निनावी गोधड्यांचं काय करायचं, असं मला नेहमी विचारतात. त्यांच्यावर नाव घालायला अजून वेळ आहे, पण घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवरच. वैशाखात गोधड्या उन्हात काढल्या जातात तेव्हा त्यांना शेजारी बसवावं आणि एकेक तुकडा दाखवून विचारावं. हा कुणाचा परकर, हे धोतर कुणाचं, हा टाका कुणाचा. सांगतील ते वहीत उतरवावं, गोधडीचा फोटो काढून त्यामागे लिहावं. पट्टी करताना जे पक्कं ठाऊक आहे ते सरळ लिहावं आणि जे ऐकीव आहे त्याच्याआधी ‘सांगतात’ हा शब्द घालावा. जुन्या कापडाला घट्ट टाके सोसत नाहीत, म्हणून ही पट्टी सैल हातशिलाईनं, बारीक सुती दोऱ्यानं लावावी, आणि विरलेल्या जागेवर लावूच नये.

गोधडी दुरुस्त झाली की पट्टीवर एक ओळ वाढवावी: कोणत्या साली, कुणी, काय केलं. गोट बदलला, वरचा पदर नवा घातला, कोपऱ्याला ठिगळ लावलं. म्हणून पहिल्यांदा लिहितानाच खाली दोन-तीन ओळींची जागा सोडावी. अगदी विरलेली गोधडी आपल्याकडे फेकत नाहीत; ती नव्या गोधडीच्या पोटात मधला पदर म्हणून जाते. तसं करताना जुनी पट्टी उसवून घ्यावी, नव्या पट्टीच्या शेजारी शिवावी, आणि नव्या पट्टीवर आत कुणाची, कोणत्या सालची गोधडी आहे ते लिहावं.